रत्नागिरीत एवढा पाऊस, मग टँकर कशाला?

‘कोकणात धो धो पाऊस, तिथे कसली पाणीटंचाई?’ हा घाटावरचा ठरलेला टोमणा. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्याच्या चौपटीच्या आसपास, हे खरंच. पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. आणि खाली जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा, सच्छिद्र दगड! त्याचा चिरा (बांधकामाचा ठोकळा) हातात घेतला की त्याची भोकं दिसतात. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पडलेलं पाणी त्यातून झिरपतं, उतारावर झऱ्यांनी बाहेर पडतं आणि निसटतं. सह्याद्री ते समुद्र अंतर जेमतेम 50-60 किलोमीटर, त्यामुळे काजळी नदीचं पाणीही बघता बघता भाट्याच्या खाडीत, म्हणजे खारं. नियोजनाचे घोळ आहेतच (ते कुठे नसतात?), पण सड्यावरच्या विहिरी मे महिन्यात तळ गाठतात त्या मुळात या दगडामुळे आणि उतारामुळे.