पोटातल्या चौदा सुया आणि टायटरचा आकडा

मिरजेकडे साठी ओलांडलेल्या माणसाला कुत्रं चावल्याची आठवण विचारली, की त्याचा हात आधी पोटावर जातो. बेंबीभोवती रोज एक, अशा चौदा सुया! डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौलीत तयार केलेली रेबीजवरची ही लस म्हणजे मेंढीच्या मेंदूत वाढवून फिनॉल या रसायनाने मारलेला विषाणू. मेंदूच्या त्या अंशामुळे क्वचित कुणाला लकवाही मारायचा. तरी भारतात ती २००४ अखेरपर्यंत चालली.

सुया तर खाल्ल्या, पण लस अंगी लागली का? ते पाहण्यासाठी १९३५ मध्ये वेबस्टर आणि डॉसन यांनी उंदरांवरची चाचणी आणली. रक्तातलं सीरम, म्हणजे पेशी वगळून उरलेला पातळ भाग, आणि जिवंत विषाणू एकत्र करून उंदरांच्या मेंदूत टोचायचं आणि किती जगतात ते दिवसचे दिवस मोजत बसायचं. १९७३ मध्ये स्मिथ, येगर आणि बेअर यांनी उंदीर बाजूला सारले. आरएफएफआयटी या त्यांच्या पद्धतीत सीरम-विषाणूच्या मिश्रणावर पेशी वाढवतात, साधारण वीस तासांनी चमकणारा रंग देतात. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके दिसले, म्हणजे तिथे विषाणू तगला. सीरम किती पातळ केल्यावर निम्म्या क्षेत्रांत ठिपके उमटतात, त्यावरून टायटर, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या प्रतिपिंडांचं रक्तातलं प्रमाण, निघतो. जिवंत विषाणू हाताळावा लागत असल्याने ही चाचणी गल्लीतल्या लॅबचं काम नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेत ती होते.

मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हा टायटरचा आकडा सगळीकडे ऐकू येतो. त्याचा अर्थ एवढाच, की शरीराने लसीला उत्तर दिलं. कुत्रं चावल्यावर रिपोर्टची वाट पाहत कुणी थांबू नये. जखम साबणाने धुणं आणि लस त्याच दिवशी. टायटरचा खरा उपयोग शिरवळला पशुवैद्यक शिकणाऱ्या मुलांसारख्यांना, ज्यांचा हात रोज जनावराच्या तोंडात असतो, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशांना.

आणि परदेशी निघालेल्या कुत्र्यांना. फ्रान्समध्ये नान्सीच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये एफएव्हीएन ही टायटर मोजण्याची सुधारित पद्धत मांडली. ब्रिटनने २००० पासून काही देशांतल्या, रक्ततपासणी झालेल्या प्राण्यांना सहा महिन्यांच्या कोंडवाड्यातून मोकळं केलं. आज सांगलीच्या विश्रामबागेतलं कुत्रं जर्मनीला न्यायचं, तर लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं आणि आकडा बरोबर आला तरी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. मालक पुढे निघून जातो, कुत्रं आजीकडे राहतं.