नववीचा निकाल : नापास वर्गाची जबाबदारी कोणावर, याची दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

एप्रिलअखेरीस मुंबईतल्या अनुदानित शाळांमध्ये वर्गशिक्षक नववीचं निकालपत्रक भरायला बसतात. आडवा मोठा कागद, प्रत्येक मुलाची एक ओळ. दोन सत्रांचे गुण, बेरीज, सवलतीचे गुण आणि शेवटी शेरा : उत्तीर्ण, वर्गोन्नत (म्हणजे काही विषयात कमी पडूनही वरच्या वर्गात घातलेला) किंवा अनुत्तीर्ण. साठांच्या वर्गात गणिताच्या रकान्यात वीस-पंचवीस लाल खुणा पडल्या, तरी शेरा प्रत्येक मुलाच्या नावापुढे वेगळा लिहिला जातो. गणिताची जागा वर्षात किती महिने रिकामी होती, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. इतकी मुलं एकाच वर्षी एकाच विषयात अडकतात, तेव्हा कारण मुलांबाहेर शोधावं लागतं, हे माझं स्पष्ट मत आहे.

नापासाचा भार मुलाऐवजी शाळेवर टाकून पाहण्याचा प्रयोग मुंबई इलाख्यात पूर्वी झाला आहे. इंग्लंडमध्ये 1862 च्या सुमारास ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत आली आणि त्याच दशकात ती आपल्याकडेही लागू झाली. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा येई, मुलांची वाचन, लेखन, अंकगणिताची परीक्षा घेई आणि पास झालेल्या मुलांच्या हिशोबाने शाळेला पैसे मिळत. मूल नापास झालं की शाळेचं थेट नुकसान. व्हायचं तेच झालं. तपासनीस काय विचारणार तेवढं घोटून घेणं सुरू झालं आणि पास होण्याची खात्री नाही त्या मुलांकडे लक्ष द्यायचं कारणच उरलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हाइसरॉय कर्झनच्या काळात ही पद्धत मोडीत निघाली. सगळं खापर शिक्षकाच्या डोक्यावर फोडलं की सर्वांत आधी कच्चं पोर बाजूला पडतं, हे त्या काळाने पुरेसं दाखवलं. शिक्षकांची वेतनवाढ निकालाला बांधा, असं आजही अधूनमधून कोणी सुचवतं. त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

दुसरी परंपरा मॅट्रिकची. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 मध्ये झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले, म्हणून ती परीक्षा आपल्या लक्षात आहे. त्याच परीक्षेला बसलेले बहुसंख्य उमेदवार नापास झाले होते, हे फारसं कोणी सांगत नाही. मॅट्रिकने नापास होणं ही मुलाची आणि त्याच्या घरची गोष्ट करून टाकली. ‘मॅट्रिकच्या वाऱ्या’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. 1929 मध्ये भारतातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हार्टोग समितीने हा प्रश्न आकड्यांत मांडला : 1922-23 मध्ये पहिलीत असलेल्या दर 100 मुलांपैकी तीन वर्षांनी चौथीत पोचली फक्त 18. ‘गळती’ (शाळा सुटणं) आणि ‘स्थगन’ (त्याच वर्गात राहणं) हे डी.एड.ला आपण पाठ करतो ते शब्द तिथून रुळले. दोष व्यवस्थेत आहे, हे सरकारी कागदावर तेव्हाच आलं होतं.

आजच्या मुंबईतल्या नववीचा पेच मात्र दहावीच्या निकालातून जन्मला. एस.एस.सी. परीक्षेचा कायदा 1948 चा, राज्य मंडळ 1966 चं. 1975 पासून ही परीक्षा अकरावीऐवजी दहावीला आली. दहावीचा पेपर मंडळ काढतं, बाहेरचे शिक्षक तपासतात, शाळेचा शेकडा निकाल जाहीर होतो आणि निकालानंतर गेटवर ‘शंभर टक्के निकाल’ असा फ्लेक्स लागतो. त्यावर पुढचे प्रवेश ठरतात. निकाल खाली गेला तर मुख्याध्यापकांकडून खुलासा मागवला जातो. नववीचा पेपर मात्र शाळाच काढते आणि शाळाच तपासते. त्यामुळे दहावीला धोक्याची वाटणारी मुलं नववीच्याच चाळणीत अडवायची सोय शाळेच्या हाती राहिली.

हे घडतं कसं, तेही सांगायला हवं. आईला शाळेत बोलावतात. घरकामाचे तास बुडवून ती येते. सांगितलं जातं, ‘नापास लिहिलं तर वर्ष जाईल, त्यापेक्षा दाखला घ्या आणि सतरा नंबर भरा, बाहेरून बसू दे.’ सतरा नंबर म्हणजे खासगीरीत्या दहावीला बसण्याचा अर्ज. खरं तर ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी ही फार मोलाची सोय. पण चालू शाळेतल्या मुलाला तीच वाट दाखवली, तर त्याचा वर्ग जातो, शिक्षक जातात आणि नियमित विद्यार्थ्यांच्या निकालातून ते मूल वगळलं जातं. आई सही करते, कारण समोर बाई बसलेल्या असतात आणि त्या शिकलेल्या असतात. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त राग येतो तो या सहीचा.

मग शिक्षण हक्क कायदा आला, 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 16 नुसार आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही, असं ठरलं. ऑगस्ट 2010 मध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. कायद्याने नापास करणं थांबवलं, तसंच सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक आणि विषयवार शिक्षक हेही बंधनकारक केलं. अमलात पूर्णपणे आला तो पहिला भाग.

मुंबईत याला आणखी एक पदर आहे. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपर्यंतच, माध्यमिक त्या मानाने कमी. गोवंडी, मानखुर्द, धारावीतलं पालिकेचं मूल नववीला खासगी अनुदानित शाळेत येतं. तिथले शिक्षक म्हणतात, मुलं खालून कच्ची आली. पालिकेचे शिक्षक म्हणतात, आम्हाला मतदारयाद्यांच्या कामातून वर्गात बसू कोण देतं? दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि दोघं एकमेकांना कधी भेटत नाहीत.

त्यात जागा रिकाम्या. 2 मे 2012 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली भरती थांबली. आधी अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, मग नवी भरती, असं धोरण ठरलं. गणित, विज्ञान, इंग्रजीला नंतर काही सवलत मिळाली, पण वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी) आणि शालार्थ आयडी (सरकारी पगारप्रणालीतला क्रमांक) यांच्या फेऱ्यांत नेमलेले शिक्षकही पगाराविना लटकले. पवित्र पोर्टल या ऑनलाइन शिक्षकभरतीची घोषणा 2017 ची, त्यातून नेमणुका मिळायला आणखी काही वर्षं गेली. दरम्यान गणिताचे सर निवृत्त झाले की त्यांचे तास भूगोलाच्या बाईंकडे किंवा तासिका तत्त्वावरच्या (तासागणिक पैसे घेणाऱ्या) कोणाकडे. अशा वर्गातली निम्मी मुलं बीजगणितात नापास झाली, तर तो निकाल संचमान्यतेचाही, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणाऱ्या सरकारी हिशोबाचाही आहे.

आकडेही हेच सांगतात. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. भाषा आणि समाजशास्त्रांचे 20 अंतर्गत गुण काढले आणि 2019 मध्ये तो 77.10 वर आला. ते गुण परत दिले, 2020 मध्ये 95.30. कोविडमुळे परीक्षाच झाली नाही त्या 2021 मध्ये 99.95. तीन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं एकदा ढ आणि एकदा हुशार झाली नव्हती.

सरकारने दुरुस्त्या केल्या, पण बहुतेक मूल नापास झाल्यानंतरच्या. 2015 पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैच्या सुमारास, 2017 च्या सुमारास नववीला जूनमध्ये पुनर्परीक्षा. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्याने 2023-24 पासून पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आणि मागे ठेवण्याची तरतूद केली. 2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवर शेऱ्यासह पुढे जाऊ देण्याचा विचार आला. यातल्या एकाही उपायाने वर्गात शिक्षक येत नाही.

माझ्या मते पहिलं उत्तर जागा रिकामी ठेवणाऱ्याने द्यावं, दुसरं मुलाला बाहेरचा रस्ता दाखवणाऱ्या संस्थेने, आणि शिकवलं कसं याचं शिक्षकाने. त्याला शिकवू दिलं असेल तर. त्यासाठी नवी समिती नको. सरल या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंद प्रणालीत 2015 पासून प्रत्येक मुलाची नोंद आहे. शाळेचा दहावीचा निकाल दहावीला बसवलेल्या मुलांवर न काढता आदल्या वर्षीच्या नववीच्या पटावर काढावा, सतरा नंबरला गेलेली मुलं मूळ शाळेच्या नावावरच मोजावीत आणि विषयवार निकालाशेजारी जागा किती महिने रिकामी होती ते छापावं. मुंबईतल्या उत्तर, दक्षिण आणि पश्चिम विभागांच्या शिक्षण निरीक्षक कार्यालयांनी ठरवलं, तर हा तक्ता याच मे महिन्यात तयार होऊ शकतो.