तक्रारीची चिठ्ठी आणि ‘हो’ची खूण

शाळेकडून घरी जाणारा निरोप बहुधा तक्रारीचाच असतो: मूल जागेवर बसत नाही, मध्येच बोलते, काम अर्धवट टाकते. त्या रात्री मुलाला बोलणी बसतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पहिलेच पाढे पंचावन्न. मग मूल निगरगट्ट ठरते किंवा गोड खाण्याला दोष दिला जातो. साखरेने मुले चंचल होतात हा समज नियंत्रित प्रयोगांत टिकलेला नाही, तरी तो सुटत नाही. खरी उणीव निरोपाच्या रचनेत असते.

कृती आणि तिचा परिणाम यांच्यात जितका वेळ जातो, तितका त्या परिणामाचा कृतीवरील प्रभाव ओसरतो. ही घसरण सुरुवातीला तीव्र असते आणि पुढे मंदावते. अवधान कमी आणि चंचलता अधिक असलेली, म्हणजे एडीएचडीची मुले, उशिरा मिळणाऱ्या मोठ्या बक्षिसापेक्षा लगेच मिळणारे लहान बक्षीस इतरांपेक्षा अधिक वेळा निवडतात. अशा मुलाला महिन्याने होणाऱ्या पालकसभेचा काय उपयोग?

अमेरिकेत बेली, वुल्फ आणि फिलिप्स यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, घरासारख्या निवासी केंद्रातील मुले शिक्षकांकडे एक पत्रक नेत. पूर्ण तास अभ्यास केला का आणि वर्गाचे नियम पाळले का, एवढ्याच प्रश्नांपुढे शिक्षक ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी खूण करीत, आणि सगळे ‘हो’ असतील तरच त्या दिवशी घरी सवलती मिळत. वर्तन लक्षणीय सुधारले.

येथे एक कोडे आहे. सवलत तर काही तासांनी मिळत होती, मग उशिराचा नियम आड का आला नाही? कारण ती खूण वर्गातच मिळत होती, आणि सवलतीशी वारंवार जोडली गेल्याने तिलाच बक्षिसाचे मोल आले. मानसशास्त्रात अशा खुणेला दुय्यम प्रबलक म्हणतात. हे मोल मात्र उसने असते. ‘नाही’ असूनही घरी सवलत मिळाली, किंवा ‘हो’ असूनही कोणी पत्रक पाहिलेच नाही, तर खूण निव्वळ शाई उरते. म्हणूनच शिक्षकांच्या नोंदीचे वजन अखेर पालकांच्या हाती असते, आणि नोंदीसाठी आकर्षक ॲप वापरल्याने ते आपोआप येत नाही. सुरुवातीची उद्दिष्टे मुलाला बहुतेक दिवस गाठता येतील एवढीच हवीत, कारण कधीच न मिळणारी खूण कशाशी जोडली जाणार?

ही नोंद जन्मभर ठेवावी लागेल, ही भीतीही अनाठायी आहे. त्याच प्रयोगात रोजची नोंद आणि बक्षीस हळूहळू विरळ केल्यावरही मुलांचा अभ्यास फारसा ढासळला नाही.