सकाळच्या पहिल्या स्टार्टची खडखड

मागच्या महिन्यात सकाळी पावणेसातला मित्राने व्हॉट्सअॅपवर चाळीस सेकंदांचा आवाज पाठवला. स्टीलच्या डब्यात सुपाऱ्या घालून कुणीतरी जीव खाऊन हलवाव्यात, तसा. खाली एकच ओळ: "बॅटरी गेली का रे?"

सेकंडहँड हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) घेऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. आवाज यायचा तो फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला, अर्धा-पाऊण मिनिट. मग दिवसभर गाडी गुपचूप.

हायब्रीड म्हटलं की कुठल्याही दुखण्याचं खापर बॅटरीवर फोडायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. बॅटरी खडखडत नाही. तिच्यापाशी फिरणारी गोष्ट म्हणजे तिला गार ठेवणारा पंखा, आणि तो घोंघावतो. गॅरेजवाल्याचा अंदाज त्यापेक्षा शहाणा होता. "साहेब, डॅम्पर वाजतोय. क्लच प्लेटसारखाच असतो, स्प्रिंगा ढिल्या झाल्यात." ट्रान्समिशन उतरवलं, डॅम्पर बदलला, बिल पाच आकडी झालं. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच खडखड. गंमत म्हणजे गॅरेजवाल्याचा कान चुकला नव्हता. आवाज डॅम्परचाच होता. दुखणं मात्र दुसरीकडे होतं.

हे कसं, ते कळायला इंजिन आणि चाकं यांच्या मधे काय बसवलंय ते पाहावं लागेल. डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसने जी रचना लोकप्रिय केली, ती थोड्याफार फरकाने आज बऱ्याच हायब्रीडमध्ये आहे. मध्यभागी एक सूर्यचाक, त्याभोवती फिरणारी छोटी ग्रहचाकं, आणि सगळ्यांना वेढणारी, आतून दाते असलेली रिंग. सूर्यचाकाला एक मोटर-जनरेटर जोडलेला, ग्रहचाकांच्या सांगाड्याला इंजिन, रिंगला दुसरी मोटर आणि रस्त्यावरची चाकं. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही. प्रियसमध्ये सूर्यचाकाला 30 दाते, रिंगला 78. गाडी उभी असली की रिंग स्थिर. मग इंजिनाच्या एका फेऱ्यामागे सूर्यचाकाचे 3.6 फेरे होतात. म्हणजे सूर्यचाकाची मोटरच स्टार्टरचं काम करते: ती मिनिटाला 3600 फेऱ्यांनी फिरली की इंजिन 1000 वर पोचतं. इंजिन बंद ठेवून गाडी नुसत्या विजेवर पुढे निघाली, तर हेच सूर्यचाक रिंगच्या 2.6 पट वेगाने उलटं फिरतं. (दात्यांचा हिशेब डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या. मला स्वतःला तो कागदावर तीनदा मांडावा लागला होता.) लक्षात एवढंच ठेवायचं, की इंजिनाच्या वेगाचा आणि गाडीच्या वेगाचा थेट संबंध इथे तुटतो. "स्पीडबरोबर वाढतो तो आवाज चाकाचा, रेसबरोबर वाढतो तो इंजिनाचा" हा फिटरलोकांचा पिढीजात नियम त्यामुळे इथे लंगडा पडतो.

आता डॅम्पर. चार सिलिंडरच्या इंजिनातून जोर धारेसारखा सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो: एका फेऱ्याला दोन ठोके. हे धक्के गिअरच्या दातांपर्यंत जाऊ नयेत म्हणून मधे स्प्रिंगांची तबकडी असते. तिचं काम समजून घ्यायचं तर एका रबरबँडला कुलूप टांगा. हात सावकाश वरखाली केला, तर कुलूप हाताबरोबर जातं. फार भराभर केला, तर कुलूप जवळजवळ जागचं हलत नाही. पण मधे एक लय अशी सापडते, की हात इंचभर हलला तरी कुलूप वीतभर नाचतं. झोपाळ्याला नेमक्या वेळी पाय मारल्यासारखं. प्रत्येक स्प्रिंगला अशी एक नावडती लय असते, आणि डॅम्परची बरीच खालची असते. म्हणूनच सूर्यचाकाची मोटर इंजिनाला रेंगाळू न देता एका झटक्यात हजारापर्यंत नेते: नाचाची लय ओलांडायची, मगच पेट्रोल सोडायचं.

थंड इंजिन 1200 वर चाललंय असं धरू. सेकंदाला 20 फेरे, म्हणजे 40 ठोके. भराभर हलणारा हात. स्प्रिंगा ते सहज गिळतात. पण एक सिलिंडर पेटलाच नाही तर? इंजिन "मिसिंग" करायला लागतं, आणि हा रिकामा ठोका दर दोन फेऱ्यांनी येतो, म्हणजे सेकंदाला 10 वेळा. इंजिनाचा वेग तोच, पण हादऱ्याची लय चौपट मंदावली आणि थेट स्प्रिंगांच्या नाचाच्या पट्ट्यात आली. डॅम्पर नवा असो की जुना, तो खडखडणारच.

मित्राच्या गाडीला कुणी बोनेटवर लिंबू-मिरची बांधायला सांगितली, कुणी आवाज ऐकून बिघाड सांगणारं मोबाइल अॅप सुचवलं. माझ्या मते दोघांची लायकी इथे सारखीच. अॅपने फार तर "डॅम्पर" असं अचूक उत्तर दिलं असतं आणि पैसे तसेच गेले असते.

सिलिंडर पेटत का नव्हता? आणि सकाळीच का? मी त्याला कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली बघायला सांगितली. पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती, आणि गाडीखाली थेंबभर ओल नव्हती. इंजिन चालू असताना सिलिंडरमधला दाब कूलंटपेक्षा खूप जास्त असतो, त्यामुळे हेड गॅस्केटला (सिलिंडर आणि त्यांच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधल्या पातळ पट्टीला) बारीक चीर असली तरी कूलंट आत शिरत नाही. गाडी बंद केली की हिशेब उलटतो. सिलिंडरमधला दाब संपतो, पण गरम कूलंट टोपणाखाली वातावरणापेक्षा साधारण एक बार जादा दाबाने कोंडलेला राहतो आणि तासन्‌तास चिरेतून थेंब थेंब झिरपतो. सकाळी स्पार्क प्लग ओला. अर्ध्या मिनिटात ते पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून गेलं की इंजिन शहाण्यासारखं चालतं. फार साचलं तर मात्र प्रकरण आवाजावर थांबत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसऱ्या गॅरेजमध्ये कूलंटला दाब देऊन गाडी रात्रभर ठेवली. सकाळी गाडी पूर्ण बंद करून प्लग काढले (हायब्रीड चालू स्थितीत असेल तर हात आत असतानाही इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं, जोरदार विजेच्या नारिंगी केबलींना तर घरच्या घरी हात लावूच नये) आणि त्या भोकांतून पेन्सिलीएवढा कॅमेरा आत सोडला. तीन पिस्टनांचे माथे तव्याच्या बुडासारखे काळे. दुसऱ्या नंबरचा मात्र चिंचेने घासलेल्या तांब्यासारखा लखलखीत. रोज सकाळच्या वाफेने धुतला गेलेला.

हेड उतरवलं, घासून सपाट केलं, गॅस्केट बदललं. गाडी घ्यायच्या आधीच हे कळलं असतं का? बहुधा. पण मित्र गाडी बघायला गेला तेव्हा विकणाऱ्याने ती आधीच सुरू करून, एसी लावून, गार करून ठेवली होती. अशा वेळी दार उघडण्याआधी बोनेटवर हात ठेवावा. कोमट लागलं तर चहा घेऊन परत यावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता जावं.