चुकीची माहिती आणि अपप्रचार: वाक्य तेच, माणूस वेगळा

‘फेक न्यूज’ नावाच्या एकाच पोत्यात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. मिसइन्फर्मेशन आणि डिसइन्फर्मेशन हे दोन्ही शब्द मराठीत सर्रास ‘चुकीची माहिती’ म्हणून येतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. पहिल्या प्रकारात सांगणाऱ्याला आपलं म्हणणं खरंच वाटत असतं. दुसऱ्यात ते खोटं आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि तरीही तो ते पेरतो. या दुसऱ्यासाठी मला ‘अपप्रचार’ हा शब्द बरा वाटतो. क्लेअर वॉर्डल आणि हुसेन देराख्शान यांनी 2017 मध्ये कौन्सिल ऑफ युरोपसाठी लिहिलेल्या अहवालातही विभागणी हेतूवरूनच केली आहे. (त्यात तिसराही प्रकार आहे: माहिती खरी, पण कुणाचं तरी वाटोळं करण्यासाठी उघड केलेली. तो इथे बाजूला ठेवतो.)

व्याख्या सोपी आहे. पंचाईत अशी की एकच वाक्य या घरातून त्या घरात जातं. जुलै 1983 मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं: एड्स हा अमेरिकी लष्कराच्या जैविक प्रयोगांतून निर्माण झालेला रोग आहे. या मोहिमेमागे सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबी होती. 1985 मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गझेता’ने तोच आरोप ‘पेट्रियट’चा हवाला देऊन छापला. म्हणजे बी आपणच टाकायचं आणि उगवलेलं रोप पुरावा म्हणून दाखवायचं! इथवर हा शुद्ध अपप्रचार. पण पुढे देशोदेशी ज्यांनी ही गोष्ट धास्तावून ओळखीपाळखीत सांगितली, ती माणसं काही केजीबीची हस्तक नव्हती. त्यांच्या तोंडी तेच वाक्य चुकीची माहिती झालं. 1992 मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तचर सेवेचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी केजीबीचा हात असल्याचं मान्य केलं, तोवर त्या गोष्टीला केजीबीची गरजच उरली नव्हती.

लसींबाबत असंच घडलं. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 1998 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या 12 मुलांवरचा निबंध छापून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांवरची) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला. लस उत्पादकांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळत होते, हे पुढे पत्रकार ब्रायन डीअर यांनी उघडकीस आणलं. मुलांच्या नोंदींत फेरफार झाल्याचंही त्यांनी दाखवलं. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला. मात्र तो वाचून-ऐकून लस टाळणाऱ्या आईला कुणाला फसवायचं नव्हतं. तिला मूल जपायचं होतं. गोवर रोखायला सुमारे 95 टक्के लसीकरण लागतं, आणि ते घसरलं की गोवर कुणाचा हेतू विचारत बसत नाही.

परिणाम सारखाच असेल तर फरक करायचा कशाला? उपाय वेगळे पडतात म्हणून. अपप्रचाराचा माग काढावा लागतो: पैसा कुणाचा, खाती कुणाची, फायदा कुणाचा. चुकीच्या माहितीपुढे हा पोलिसी खाक्या उलटतो. काळजीपोटी मेसेज पाठवणाऱ्या मावशीला ‘तू अपप्रचार करतेस’ म्हटलं की ती मेसेज काढत नाही, बोलणं बंद करते.

सगळं खापर बॉट खात्यांवर, म्हणजे माणसाऐवजी संगणक चालवतो त्या खात्यांवर, फोडण्याची सवयही मला पटत नाही. 2018 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या, ट्विटरवरच्या सुमारे 1,26,000 बातम्यांच्या अभ्यासात खोटी बातमी रीट्वीट होण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त निघाली, आणि बॉट वगळले तरी हे चित्र बदललं नाही. पसरवणारी होती माणसंच.

कोविडच्या काळात गॉर्डन पेनीकुक, डेव्हिड रँड या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आधी एका भलत्याच विषयावरचा मथळा दाखवून ‘हा खरा वाटतो का?’ एवढंच विचारलं. त्यानंतर पुढे काय पाठवावं याची त्यांची निवड सुधारली. नंतरच्या चाचण्यांत हा परिणाम लहान ठरला, पण दिसला. अपप्रचार करणाऱ्याला मात्र हा प्रश्न विचारून उपयोग नाही. उत्तर त्याला आधीपासूनच माहीत असतं.