‘सी’ लाल, ‘डी’ मोकळा: पार्टिशनला हात लावण्याआधी एवढं वाचा

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरवर दिवसातून एकदा तरी हे ऐकू येतं: “सी लाल झालाय बघा. डी सगळा मोकळाच पडलाय. तिकडची जागा इकडं घ्या की, पाच मिनिटांचं तर काम!” सी आणि डी म्हणजे कॉम्प्युटरच्या डिस्कचे दोन भाग, आणि लाल म्हणजे जागा भरत आली. काम होतं, त्याबद्दल शंका नको. पाच मिनिटांत मात्र क्वचित होतं. आणि घरी प्रयोग करून मग आमच्याकडे आणलं, तर आणखी दोन दिवस जातात. दरवेळी तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून हा कागद छापून घेतला. बिलाबरोबर मिळेल, कपाटाला चिकटवून ठेवा.

मोकळी जागा दिसते, पण घेता का येत नाही?

पार्टिशन म्हणजे डिस्कची वाटणीच. एकाच गटातलं रान, दोन भावांत वाटलेलं. डावीकडे सी, पलीकडे डी, मध्ये बांध. विंडोजमध्ये ही वाटणी दाखवणारी-बदलणारी सोय म्हणजे डिस्क मॅनेजमेंट. तिचा नियम असा, की सीला वाढायचं असेल तर त्याच्या उजव्या बांधाला लागून पडीक जागा पाहिजे. तुम्ही डीवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ करता, तेव्हा जागा सुटते ती डीच्या उजव्या टोकाला, म्हणजे भावाच्या रानाच्या पार पलीकडे. मध्ये डी तसाच उभा. म्हणून सीवर राइट क्लिक केलं की ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हे अक्षर फिकट दिसतं, दाबता येत नाही. बिघाड काही नसतो. पण इथंच लोक बिथरतात आणि मेन्यूत जे जे दाबता येतं ते दाबून बघतात. त्या मेन्यूत ‘डिलीट व्हॉल्यूम’ पण आहे, हे लक्षात असू द्या.

यातून वाटा दोनच. डीवरचा सगळा माल बाहेरच्या डिस्कवर काढायचा, डी उडवायचा, सी वाढवायचा आणि उरलेल्या जागेत डी पुन्हा बांधायचा. नाहीतर डीचं अख्खं रान उभ्या पिकासकट उजवीकडे सरकवायचं. दुसरं काम विंडोज करत नाही, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ते सॉफ्टवेअर डीवरचा एकेक तुकडा उचलतं आणि थोडं पुढं नेऊन ठेवतं. डीवर ४०० जीबी माल असेल तर ४०० जीबी वाचायचा आणि ४०० जीबी लिहायचा, तेही त्याच डिस्कवर. एसएसडी, म्हणजे चकती नसलेली नवी डिस्क, असेल तर लवकर आटपतं. जुनी, आत चकती फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पाच-सहा तास सहज लागतात.

त्रेचाळीस टक्क्यांची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही आहे.

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं मशीन. हळदीचा सीझन, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली सारखं अडखळत होतं, सीवर अर्धा जीबीसुद्धा उरला नव्हता. तिथल्या पोरानं नेटवरून फुकटचं पार्टिशन सॉफ्टवेअर उतरवलं. पोरगं हुशार, सगळे आकडे बरोबर भरले होते, त्याबद्दल मी त्याला बोल लावणार नाही. संध्याकाळी सहाला सुरू केलं. साडेनऊला पडद्यावर ४३ टक्के. दहाला पण ४३ टक्के. शटर ओढायची वेळ झाली, मालक गाडीत बसून हॉर्न वाजवतायत. अडकलं असं समजून पोरानं पॉवरचं बटण दाबून धरलं.

सकाळी सी ठीक. डीच्या जागी ‘रॉ’, म्हणजे आतलं काही वाचता येत नाही, असं दिसतंय आणि विंडोज विचारतंय, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का. आणि कुणीतरी ‘हो’ म्हणालं.

झालं काय होतं, तर अर्धा माल नव्या जागी पोचलेला, अर्धा जुन्या जागी, आणि कुठं काय ठेवलंय त्याची वही अर्धवट लिहिलेली. जुना बांध काढून टाकला, नवा घालायचा राहिला. त्यात फॉरमॅटनं ती वहीच कोरी केली. बराचसा माल आम्ही परत मिळवला, पण फोल्डरची नावं गेली होती. टॅलीच्या कंपनीच्या फोल्डरला तसंही नाव नसतं, नुसता आकडा असतो. कुठल्या आकड्यात कुठल्या पेढीचा हिशेब, हे एकेक उघडून बघत बसलो. दोन दिवस माझे गेले, दोन दिवस त्यांचं बिलिंग हातानं पावतीबुकावर चाललं.

म्हणून सांगतो: टक्क्याचा आकडा हलत नसला तरी डिस्कची लाइट लुकलुकतेय तोवर काम चालू आहे. एखादी मोठी फाइल किंवा हजारो बारीक फाइल आल्या की आकडा तासभर जागचा हलत नाही. बंद करू नका, झाकण पाडू नका, लॅपटॉपचा चार्जर काढू नका, स्लीप आधीच बंद करून ठेवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसच्या भरवशावर राहू नका. जुन्या बॅटरीचा यूपीएस दहा मिनिटं टिकतो. मशीन नीट बंद करायला तेवढं पुरे, पण सहा तासांच्या कामाला त्याचा काय उपयोग? आमच्याकडे मोठा इन्व्हर्टर आहे तो याचसाठी, पंख्यासाठी नाही.

आणि चूक होऊन गेलीच असेल तर? मशीन बंद करा आणि आणा. फॉरमॅटला ‘हो’ म्हणू नका. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका, कारण ते टाकताना तुमच्याच हरवलेल्या फाइलवर लिहिलं जातं. लवकर आणलं तर मिळण्याची आशा बरी असते. चार जणांनी चार उपाय करून आणलं, की पुण्याच्या लॅबला पाठवावं लागतं, आणि तिथलं बिल आमच्या बिलाच्या कैक पट असतं. त्यात आमचं कमिशन नसतं, हेही सांगून टाकतो.

“डीवर बॅकअप आहे ना!”

नाही. सी आणि डी एकाच डिस्कवर असतील तर डीवरची कॉपी बॅकअप धरता येत नाही. कृष्णेला पूर आला की एका भावाचं रान सोडून दुसऱ्याचं बुडत नाही. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टनंतर आमच्याकडे चिखलानं भरलेली मशीन आली, तेव्हा ज्यांनी वेगळ्या डिस्कवर कॉपी काढून ती वरच्या मजल्यावर ठेवली होती, ते सोडून बाकीचे नुसते हात जोडून उभे होते.

उलटंही होतं. बऱ्याच नव्या मशीनमध्ये सी ही २५६ जीबीची एसएसडी असते आणि डी ही १ टीबीची वेगळी हार्ड डिस्क. त्यातली २०० जीबी सीला द्या म्हणाल तर देता येत नाहीत. ती दोन वेगळ्या गावांतली रानं आहेत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ अशा दोन ओळी दिसल्या, की सीची जागा वाढवायला मोठी एसएसडी हाच उपाय. जुनीवरचं जसंच्या तसं नवीवर उतरवून देतो, विंडोज नव्यानं टाकावं लागत नाही, मराठी टायपिंगचं श्रीलिपी आणि टॅली पुन्हा बसवावं लागत नाही.

त्यातही एक गोम आहे. २५६ ची ५१२ केली, तरी सी तेवढाच दिसतो आणि शेवटी २३८ जीबी मोकळी पडून राहते, कारण मध्ये विंडोजचं छोटंसं रिकव्हरी पार्टिशन आडवं येतं. व्हिडिओ बघून लोक ते उडवतात. मग विंडोज पुढं कधी सुरूच झालं नाही, तर दुरुस्तीचा पडदा येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तर मायक्रोसॉफ्टचं एक अपडेट हेच पार्टिशन लहान पडलं म्हणून बऱ्याच मशीनवर बसेना, ते २५० एमबीनं वाढवायला त्यांनीच सांगितलं होतं. आम्ही ते उडवत नाही, उचलून शेवटी ठेवतो. याचे वेगळे पैसे नाहीत.

५१२ ची डिस्क ४७६ का दिसते, हेही जाता जाता. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या. आम्ही काही काढून घेतलेलं नाही.

फोटो स्टुडिओवाल्यांसाठी एक ओळ: ४ टीबीची डिस्क जुन्या पद्धतीनं, म्हणजे एमबीआरनं, मांडली तर पहिल्या २ टीबीच्या पुढची जागा कुठल्याच पार्टिशनला देता येत नाही. ती जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीनं, मांडावी लागते. लग्नाचे फोटो भरण्याआधी आणा, नंतर आणलं तर आधी सगळे फोटो कुठंतरी उतरवून ठेवावे लागतील.

अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस का?

हा टोमणा आम्हाला रोज बसतो. पहिल्यांदा डिस्कची तब्येत बघतो. सेक्टर, म्हणजे आतले बारीक कप्पे, खराब व्हायला लागलेली डिस्क सरकवायला घेतली तर ती मध्येच जीव सोडते, आणि दोष आमच्या माथी येतो. तशी निघाली तर आम्ही काम करत नाही, डिस्क बदला म्हणून सांगतो. विकायला सांगतोय असं वाटत असेल, तर पडद्यावरचा पिवळा इशारा दाखवू, तुम्हीच वाचा. मग सगळ्या डिस्कची प्रत काढतो. मग सरकवतो, बहुतेक रात्रीच. सकाळी तपासणी, आणि तुमच्या पाच-दहा फाइल उघडून बघणं. प्रत काढल्याशिवाय आजवर एकही डिस्क सरकवलेली नाही, घाईत असलेल्या पाहुण्याचीसुद्धा नाही. ती प्रत आठ दिवस आमच्याकडे राहते, मग पुसतो. आठ दिवसांत तुमचं सगळं जागेवर आहे का ते बघून घ्या.

सगळ्याचे मिळून ६०० रुपये. बॅकअपची डिस्क तुमची असेल तर प्रत तुम्हीच ठेवा, १०० रुपये कमी.

आधी हे घरी करून बघा, फुकट आहे

खरं सांगायचं तर दहांतल्या निम्म्या लोकांना पार्टिशन हलवायची गरजच नसते. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज इथं जा आणि ‘टेम्पररी फाइल्स’ उघडा. मोठं अपडेट झाल्यावर जुनं विंडोज दहा दिवस तसंच पडून असतं, वीस-वीस जीबी अडवून. ते तिथून काढा. मात्र त्याच यादीत ‘डाउनलोड्स’वर खूण नाही ना, तेवढं बघा, नाहीतर उतरवलेली सगळी पत्रं जातील. डेस्कटॉपवर ठेवलेले व्हिडिओ सीवरच असतात, ते डीवर हलवा. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, म्हणजे काम करताना तात्पुरता माल ठेवायची जागा, डीवर द्या. हायबरनेट, म्हणजे उघडी कामं डिस्कवर जपून मशीन बंद करणं, वापरत नसाल तर ते बंद केलं, की रॅमच्या साधारण ४० टक्के एवढी जागा सुटते. जमत नसेल तर मशीन घेऊन या, करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

मशीन आणताना

लॅपटॉपचा चार्जर आणा. विंडोज ११ असेल तर बरेचदा डिस्कला कुलूप असतं, बिटलॉकर म्हणतात ते. त्याची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. खातं कुठल्या मेलवर उघडलंय आणि पासवर्ड काय, हे घरून बघून निघा. मागच्या महिन्यात एका काकूंचं खातं मुलीच्या मेलवर निघालं, मुलगी जर्मनीत, तिकडे अजून पहाट. मशीन दुपारपर्यंत तसंच पडून राहिलं.

सोमवारी दिलेलं बुधवारी संध्याकाळी मिळतं. २० मार्चनंतर हिशेबाच्या मशीनचं पार्टिशन आम्ही हातात घेत नाही, कितीही गळ घातलीत तरी. तोवर बाहेरची डिस्क जोडून काम भागवा, ती दुकानात आहे, आणि एप्रिलमध्ये निवांत या.