घाट, खारी हवा आणि छोट्या गाडीचे ब्रेक

पोलो जीटीसारखी चपळ छोटी गाडी हाताशी आली की मालकाला आधी सुचतात ते मोठ्या डिस्क आणि लाल रंगवलेले कॅलिपर, म्हणजे घर्षणाचे पॅड डिस्कवर दाबून धरणारे चिमटे. रंगाने गाडी थांबत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मोठ्या डिस्कनेही ती रोजच्या रस्त्यावर फारशी लवकर थांबत नाही, हे गॅरेजमध्ये सहसा कोणी सांगत नाही.

ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या 1000 किलोच्या गाडीत सुमारे अडीच लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक तिची उष्णता करतो, पण गाडीला प्रत्यक्ष धरून ठेवतो तो टायर आणि रस्ता यांमधला घर्षणजोर. कोरड्या डांबरावर घर्षणांक 0.8 धरला तर थांबायला साधारण 32 मीटर लागतात; पावसात तो 0.5 वर आला की 50 मीटर. कारखान्यातून आलेले धड ब्रेकही जोरात दाबल्यावर चाकं जाम करू शकतात, म्हणून तर एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, लागते. चाक जाम होण्याच्या सीमेपाशी पोचल्यावर आणखी ताकदीच्या ब्रेकला करण्यासारखं काही उरत नाही. तिथे पैसे चांगल्या टायरवर घालावेत.

मग मोठी डिस्क कशासाठी? उष्णतेसाठी. समोरच्या दोन डिस्क मिळून 10 किलो धरल्या, तर ताशी 80 वरून एकदा थांबताना त्या 35-40 अंशांनी तापतात. काहीच बिघडत नाही. आता बेळगावहून कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या केरीला या. 500 मीटर उतार धरला तरी गाडीची 49 लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या ऊर्जेत 16 लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला येईल! दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर त्यातला बराच वाटा इंजिन आणि हवा उचलतात. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांचा मात्र जवळजवळ सगळा भार ब्रेकवर.

पॅड फार तापले की त्यांतल्या रेझिनमधून वायू सुटतात आणि पकड ढिली होते. पेडल कडकच लागतं, गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट: पेडलच मऊ होऊन खाली जातं. त्याचं कारण ब्रेक ऑइलमध्ये असतं, आणि गोव्यात त्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट 3 आणि डॉट 4 ही ग्लायकॉलवर आधारलेली ऑइलं हवेतली आर्द्रता शोषतात. रबरी होजमधूनही ती हळूहळू आत झिरपते. डॉट 4 चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असतो. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा 155 वर येते. घाटात कॅलिपर तापला की ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा जोर बुडबुडे चेपण्यातच संपतो. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात दर दोन वर्षांनी ऑइल बदलून एअर काढून घेणं हाच माझ्या मते सगळ्यात मोठा अपग्रेड आहे, आणि सगळ्यात स्वस्तही. फक्त सिलिकॉनचं डॉट 5 यात मिसळू नका. डॉट 5.1 चालतं, तेही ग्लायकॉलचंच; 5 आणि 5.1 ची नावं सारखी, रसायन वेगळं.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचं दुखणं निराळं. मिरामार, कोळव्याच्या बाजूला क्षारयुक्त ओलाव्यामुळे बिडाची डिस्क लवकर गंजते. तोंडावरचा पातळ गंज चार वेळा ब्रेक दाबले की निघून जातो. लपून राहतो तो कॅलिपरच्या पिनांवरचा गंज. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, एकाच बाजूचा पॅड झिजतो, आणि मालक पॅडच्या कंपनीला शिव्या घालतो. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं पेट्रोलियम ग्रीस तिथलं रबर फुगवतं. पॅडला ढकलणारा पिस्टन मागे ओढून घेण्याचं कामही त्याचं चौकोनी छेदाचं रबरी सीलच करतं. ते कडक झालं की पॅड डिस्कला घासत राहतो, म्हणून कॅलिपर उघडलाच आहे तर सील-किट नवं टाकून घ्यावं. डिस्क लेथवर घासून घेण्याआधी तिच्यावर कोरलेली किमान जाडी पाहावी. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते आणि लवकर तापते.

मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क बसवण्याची हौस अनेकांना असते. जोरात ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागच्या चाकांवर एकूण भाराचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. पोलो जीटी टीएसआयलाही मागे ड्रमच होते. तिथे जोर वाढवला तर मागची चाकं आधी जाम होऊन ओल्या वळणावर गाडी फिरू शकते. ड्रममधले लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, झिजले असतील तर तेवढे बदलावेत.

नवे पॅड मात्र डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावायचे, पूर्ण न थांबता, म्हणजे पॅडमधल्या द्रव्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढतो. त्यानंतर काही किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी चालवून डिस्क निवू द्यायची. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलात, तर त्या जागी थर जाड बसतो आणि पुढच्या प्रत्येक ब्रेकला पेडल थरथरतं.